सहा दिवस आधीचं देवक

गनीभाईंनी शिडीवरूनच विचारलं, "घालू का काढू?"

अंगणात मांडवाचे बारा खांब उभे होते आणि त्यांतल्या आठांवरच कापड चढलं होतं. कानिफनाथ खाली उभा राहून वर बघत होता. त्याच्या मुलाचं, आदिनाथचं लग्न गुरुवारी होतं. आज रविवार. आणि मुलगा राजस्थानच्या सीमेवर नेमका कुठे आहे, हे घरातल्या कोणालाच माहीत नव्हतं.

"जरा दम धरा, गनीभाई."

"दमच धरतोय. मंगळवारी सकाळी म्हनालात, घाला. बुधवारी म्हनालात, थांबा. शुक्रवारी म्हातारी सोता येऊन सांगून गेली, घाला. काल सांच्याला गोरक्षशेट म्हनले, मोठा घाला. मी मांडववाला हाय बाबा. मला कायतरी एक सांगा."

तेवढ्यात लांबून, लष्कराच्या सरावाच्या रानाकडून, धप्प असा दबका आवाज आला. देवळालीत हा आवाज जन्मापासून सगळ्यांच्या ओळखीचा. एरवी त्यानं गोठ्यातली म्हैसही मान वळवत नसे. पण गेल्या चार-पाच दिवसांत माणसं बोलता बोलता थांबत होती. गनीभाईही थांबले. आवाज विरल्यावर त्यांनी हातातली दोरी खांद्यावर टाकली आणि हळू आवाजात विचारलं, "पोराचा फोन?"

कानिफनाथनं मान हलवली. मंगळवारी संध्याकाळी आदिनाथ एवढंच बोलला होता : "पप्पा, सुट्टी रद्द झाली. फोन जमा करायला लावलेत. काळजी करू नका." त्याच रात्री सीमेवर लढाई सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं की दोन्ही बाजूंनी थांबायचं ठरलंय. गल्लीत पोरांनी फटाके लावले. दोन तासांनी त्याच टीव्हीवर पुन्हा आकाशातले ड्रोनचे लाल ठिपके दिसायला लागले आणि फटाके थांबले. सकाळी म्हणत होते, आता शांत आहे.

"व्याही येतायत नगरच्या कर्जतवरून," कानिफनाथ म्हणाला. "ते आल्यावर सांगतो."

गनीभाई शिडीवरून उतरले आणि खांबाला टेकून बसले.

*

कानिफनाथच्या बायकोनं, ज्योतीनं, चहा टाकला तेव्हा तिला ठाऊक होतं की व्याही तारीख पुढे ढकला म्हणायला येतायत. तिलाही तेच हवं होतं. पण हे सासूला सांगणार कोण?

घराच्या आतल्या खोलीत, देव्हाऱ्याशेजारी, देवक बसलं होतं. मातीचं मडकं, त्याला गुंडाळलेला सुती दोरा, पाच झाडांच्या डहाळ्या आणि बाजूला तेवता दिवा. रीतीप्रमाणे ते लग्नाच्या आदल्या दिवशी, बुधवारी बसायचं. सासूनं, गोजरबाईंनी, शुक्रवारीच बसवून घेतलं होतं. कानिफनाथच्या उपरण्याला ज्योतीच्या पदराची गाठ मारून त्यांना भर उन्हात मारुतीला नेलं, डहाळ्या आणल्या, आणि कोणी काही विचारायच्या आत दिवा लावला. ज्योतीला तो म्हातारपणचा हट्ट वाटला. एकदा देवक बसलं की लग्न लागल्याशिवाय ते हलवत नाहीत. म्हणजे सासूबाईंनी तारीख खिळा ठोकून पक्की केली होती, आणि नवरदेवाचा पत्ता नव्हता.

व्याही कल्याणराव जीपमधून उतरले ते एकटेच. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पाणी प्यायले, पावसापाण्याचं, उसाचं विचारलं. नवरी अश्विनी कशी आहे, असं ज्योतीनं विचारलं तेव्हा त्यांनी कपाळ पुसलं.

"जेवत न्हाई नीट. मोबाईल घेऊन बसती. मी म्हनलं, बाई, ते बघू नको. तर म्हनती, बघितलं न्हाई तर जास्त भ्या वाटतं."

"मग काय ठरवलं?" कानिफनाथ म्हणाला.

"पाव्हनं, माझं ऐका. तारीख पुढं ढकलू. पोरगं आल्यावर धरू."

"ढकलायची न्हाई," गोरक्षनाथ म्हणाला. कानिफनाथचा हा धाकटा भाऊ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. "दीड हजार पत्रिका वाटल्यात. आदिनाथ येईल की बुधवारी. आता थांबलंय ना सगळं? थांबायला नको हुतं, ही गोष्ट वेगळी. अजून दोन दिवस दिले असते तर नकाशाच बदलला असता."

"भावजी, बास," ज्योती म्हणाली.

"वहिनी, मी खरं तेच बोलतोय. हातातोंडाशी आलेला घास..."

"माझा घास हाय तो तिथं. त्याला घास नका म्हणू."

कल्याणराव टोपीची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, "आता आलोय तर सगळंच सांगतो. माझे भाऊ म्हनतात, मोडूनच टाक. लढाईच्या तोंडाशी असलेल्याला पोरगी कशाला द्यायची? मी त्यांना म्हनलं, ढकलायचं बघतो. पन तुमी ढकलायला बी तयार नसाल, तर मला घरी उत्तर न्हाई."

आतल्या दारातून गोजरबाई बाहेर आल्या. वयानं वाकल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता.

"देवक बसलंय. ढकलायचं नाव काढू नका."

"आई, सहा दिवस आधी कोण बसवतं?" ज्योतीच्या मनात तीन दिवस साठलेलं बाहेर आलं. "लग्न गुरुवारी, आन् तुम्ही शुक्रवारी! ह्यांना विचारलं न्हाई, मला विचारलं न्हाई. तुमच्या हट्टापायी आता ह्या माणसानं सोयरीक मोडून जावं का?"

"हट्ट न्हाई."

"मग काय?"

गोजरबाईंनी आत दिव्याकडे पाहिलं. आणि त्या पाहण्यावरूनच ज्योतीला एकाएकी कळलं. देवक बसलं की लग्न उरकेपर्यंत त्या घराला सुतक लागत नाही. भाऊबंदात कोणी गेलं तरी विटाळ उंबऱ्याच्या बाहेर थांबतो. लहानपणापासून ऐकलेली रीत होती ती. शुक्रवारी, सगळे टीव्हीला डोळे लावून बसलेले असताना, म्हातारीनं दाराला कडी घातली होती.

ज्योतीनं हातातला कप खाली ठेवला.

"तुम्ही असं मनात तरी कसं आणलं?"

"तू आनलं न्हाईस?" गोजरबाई म्हणाल्या. "खरं सांग."

ज्योती खाली बसली. गोजरबाई कण्हत तिच्याशेजारी जमिनीवर टेकल्या आणि त्यांनी सुनेचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

*

गोरक्षनाथला तिथे थांबवेना आणि जाववेना.

आदिनाथ सतरा वर्षांचा असताना रोज पहाटे त्याला कालव्याच्या रस्त्यानं पळवायला नेणारा हा काकाच होता. मोटारसायकलवर पुढे, हातात घड्याळ. "पळ, आदी, पळ." भरतीच्या दिवशी रात्रभर तोच मैदानाबाहेर बसला होता. पोरगं रणगाड्यावर चढलं तेव्हा त्याचा फोटो गोरक्षनाथनं चौकात लावला होता, आणि बुधवारी ज्योतीनं तो स्वतः जाऊन उतरवला होता. तेव्हा त्याला राग आला होता. आता त्याला वाटलं, ही लढाई मोठी, भारी, इतिहासात लिहिण्यासारखी असायलाच हवी. नाहीतर आपण पोराला पळवत कुठे नेलं?

त्याची मुलगी रेश्मा, सातवीतली, आजोबांच्या खाटेवर पाय दुमडून बसली होती. तिचे आजोबा, ज्ञानेश्वर, ज्यांना सगळं घर तात्या म्हणे, एकाहत्तरच्या लढाईत रणगाड्यावर होते. ते तिच्याशेजारी भिंतीला टेकून ऐकत होते.

"तात्या," रेश्मानं विचारलं, "देश भांडतातच का? त्यांना कळत नाही का, की माणसं मरतात?"

"कळतं की."

"मग?"

तात्यांनी पाय खाली सोडले. घाईनं उत्तर द्यायची त्यांना सवय नव्हती. नातवंडांना ते पाढेसुद्धा असेच शिकवत, एकेका आकड्यावर थांबून.

"हे बघ. दोघांना एकमेकांचं भ्या वाटतं. भ्यालेला मानूस आधी आवाज चढवतो. आवाज चढवला की सगळं गाव बघायला लागतं. आन् गाव बघाय लागलं की मागं सरायची लाज वाटती. ह्यातच निम्म्या लढाया हुत्यात. बाकीच्या निम्म्या हुत्यात कारन परत्येकाला वाटतं, चार दिवसांत आटपल."

"आणि काही वेळा समोरचा खरंच घरात घुसतो, तात्या," गोरक्षनाथ म्हणाला. "माणसं मारून जातो. तेव्हा काय हात जोडायचे?"

"न्हाई. तवा उभं ऱ्हायलाच पायजे. मी उभा ऱ्हायलो म्हनून तू इथं उभा राहून बोलतोस." तात्या हसले. "फौज नको असं मी म्हनलो न्हाई. फौज काय करू शकती आन् काय न्हाई, ते सांगतोय. ऐकायचं का?"

गोरक्षनाथ चौकटीपासून सरकून उंबऱ्यावर बसला. कल्याणरावांनीही खुर्ची वळवली.

"पाकिस्तानात, शकरगडच्या बाजूला, आमी आत शिरलो. लई आत. काळी जमीन, हिरीचं पानी, गहू वीतभर आलेला. मी शेतकऱ्याचा पोरगा. रनगाडा गव्हातून जाताना खाली बघायचो न्हाई, पन जायचो. माझा ड्रायव्हर कर्जतकडचाच हुता, माळी. हिरीपाशी त्याला लागलं. तिथंच गेला." तात्यांनी कल्याणरावांकडे पाहिलं. "तुमच्याकडचं मानूस."

कल्याणरावांनी नुसती मान डोलावली.

"मग लढाई थांबली. आमी तिथंच बसलो. एक वर्स. रोज सकाळी पलीकडं, लांब, बाभळीखाली एक म्हातारा येऊन उभा ऱ्हायचा. त्याचंच शेत असनार. नुसता बघायचा. आमच्याकडं रनगाडे हुते, बंदुका हुत्या, दुर्बीन हुती. त्याच्याकडं काठी. आमचा साहेब एकदा म्हनला, ह्याला हाकला. हाकलला. दुसऱ्या दिवशी परत. आमी त्याचं शेत घेतलं, हीर घेतली, पन हे शेत आमचं हाय असं त्याच्या मनात घालता येईना. त्याच्यासाठी कुटलीच तोफ न्हाई."

"मग पुढे?" रेश्मा म्हणाली.

"मग वर्सानं कागद झाला. वरचे बसले, बोलले, सह्या झाल्या. आमाला सांगितलं, गाड्या फिरवा, मागं चला. दिलं परत."

"सगळं?"

"सगळं. हीर बी."

रेश्माचा चेहरा हलला. "म्हणजे तुमचा ड्रायव्हर फुकट गेला?"

गोरक्षनाथला वाटलं, पोरीला गप्प करावं. पण तात्यांनीच हात वर केला.

"विचारू दे. मी बी विचारलं हुतं सोताला. फुकट गेला असं म्हनायला जीभ उचलत न्हाई. तो तिथं लढला म्हनून ते हिकडं आले न्हाईत, एवढं खरं. पन त्या हिरीसाठी गेला म्हनशील, तर ती हीर आज बी त्या म्हाताऱ्याच्या नातवाकडं आसल. निघायच्या आदल्या दिवशी मी फावडं घेतलं आन् हिरीपासचा पाट आमच्या गाडीनं फोडला हुता, तो लिंपून टाकला. साहेब बघत हुता. काय बोलला न्हाई."

खोलीत पंखा फिरत होता. बाहेर गनीभाई कोणाला तरी फोनवर सांगत होते की थांब, अजून ठरलं नाही.

"मागं फिरताना कुनाचं नाक कापलं गेलं न्हाई, गोरक्ष," तात्या म्हणाले. "आमी घरी आलो तवा गावानं वाजतगाजत नेलं. थांबलं म्हनून तू का रडतोस? थांबलं म्हनून पोरगं हाय."

"मी त्याला पळवत नेलं, तात्या," गोरक्षनाथ म्हणाला. त्यानं मनगटानं डोळे पुसले. "मीच."

"तो पळत गेला. तू गाडीवर हुतास," ज्योती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा तिच्या आवाजात धार नव्हती. एरवी 'भावजी, तुम्ही' म्हणणारी ती त्याला 'तू' म्हणून गेली, आणि कोणालाच ते खटकलं नाही.

*

गोजरबाईंना नवऱ्याची ही गोष्ट नवी नव्हती. पाट लिंपल्याची मात्र होती. पन्नास वर्षांत हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या जराशा रागावल्याही.

"आवं, ते सगळं खरं," त्या म्हणाल्या. "पन माझं देवक मागं घेता येत न्हाई. तुमचा कागद फौजेला चालतो. देवाला चालत न्हाई."

"कोन म्हनतं मागं घे? बसू दे."

"लग्न न्हाई आन् देवक बसू दे?"

"लग्न हाय. तारीख पुढं गेली, एवढंच. पोरगं येईपर्यंत दिवा चालू ठेव. घर लगीनघरच ऱ्हाईल."

"पंधरा-वीस दिवस? असं कुनी ठेवलंय का कधी?"

"सहा दिवस आधी कुनी बसवलं हुतं का?" तात्या म्हणाले, आणि ज्योती पदराआड हसली.

गोजरबाई विचारात पडल्या. हरल्यासारखं वाटायला हवं होतं, तसं वाटत नव्हतं. उलट दाराची कडी आणखी वीस दिवस लागलेली राहणार होती. "पानं वाळतील," त्या पुटपुटल्या.

"वाळू देत," ज्योती म्हणाली. "मडकं तर हाय. दिव्याला मी बसते, आई. तुम्ही झोपा थोडं."

"आन् देवक हाय तवर घरात भांडन न्हाई," गोजरबाईंनी बोट उगारलं. "आन् मटन न्हाई. कुनालाच."

"वीस दिवस?" गोरक्षनाथ ओरडला. डोळे अजून ओले होते.

"नकाशा बदलाय निघाला हुतास ना? मग वीस दिवस भोपळा खा."

कानिफनाथ मोठ्यानं हसला. मग त्यानं कल्याणरावांकडे पाहिलं आणि त्याचं हसू थांबलं. खरी गाठ तिथे होती. इथे सगळ्यांचं जमलं होतं, पण कर्जतला भाऊ बसलेले होते. कल्याणराव टोपी हातात फिरवत होते.

"माझ्या भावांना मी वळखतो," ते म्हणाले. "वीस दिवसांत रोज एक जन उठून म्हनल, मोड. तुमचा विश्वास कमी न्हाई, पन माझी ताकद कमी पडल." ते उठले आणि टोपी डोक्यावर नीट बसवली. "आजी, मडकं नवं लागतं का घरातलं चालतं?"

"नवं."

"मग जाताना राहुरीत घेतो. आजच आमच्याकडं बी बसवतो. एकदा बसलं की माझ्या घरात मोडायची भाषा करायची कुनाची छाती न्हाई. माझ्या थोरल्या भावाची तर न्हाईच, त्यो देवाला लई भितो."

गोजरबाई तोंड उघडं ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या. दोन घरं, दोन देवकं, आणि नवरदेव दोन्हीकडे नाही. असलं लग्न त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. "अश्विनीला म्हणावं, जेव," त्या म्हणाल्या. "लगीनघरात उपाशी ऱ्हात न्हाईत."

कल्याणराव वाकून पाया पडले. ते अजून सरळ व्हायचे होते, तेव्हा कानिफनाथच्या खिशातला मोबाईल वाजला. नंबर अनोळखी होता.

"हॅलो?"

काहीतरी खरखरलं. मग आवाज आला, जड आणि सावकाश. "पप्पा. मी."

रेश्मानं कानिफनाथच्या हातातून मोबाईल घेऊन स्पीकरवर टाकला.

"आदी!" ज्योती म्हणाली. "कसा हायस रे? लागलं न्हाई ना? जेवलास का?"

"बरा हाय, मम्मी. काही लागलं न्हाई. हा मित्राचा फोन हाय. आत्ताच परत आलो आम्ही मागं." तो शब्दांमध्ये थांबत होता. "लग्नाचं काय ठरलं? मला... सुट्टी महिनाअखेर म्हणतात. अश्विनी..."

"अश्विनी बरी हाय, जावयबापू," कल्याणराव मोबाईलवर वाकून म्हणाले. "सगळं ठरलंय. तुमी सावकाश या."

"मामा तुम्ही? बरं झालं." लांब श्वास ऐकू आला. "तात्या हायेत का?"

"हाय, हाय," तात्या खाटेवरून उठून आले. "बोल. गाडी नीट हाय का?"

"नीट हाय, तात्या. तुम्ही म्हणायचा तसं मी रोज... रोज गाडीचं पाणी..."

आवाज थांबला.

"आदी? हॅलो?"

काही नाही. ज्योतीनं नवऱ्याचा दंड घट्ट धरला. मग मोबाईलमधून एक बारीक आवाज आला, आत जाणारा, बाहेर येणारा. पुन्हा. थोडा मोठा. मग शिट्टीसारखा.

पलीकडे कोणीतरी मोबाईल उचलला. पंजाबी वळणाची हिंदी होती. "अंकल जी, सो गया. बैठे-बैठे. चार रात से सोया नहीं है. जगा दूँ?"

"नाही, नाही," सगळे एकदम म्हणाले, आणि मग आपल्याच आवाजानं दचकून गप्प झाले.

"झोपू द्या," ज्योती कुजबुजली. "सोने दो उसको. फोन... फोन थोडं तिथंच ठेवता का? तुमचं काम नसलं तर?"

"रख देता हूँ, माँजी. पास में ही रख देता हूँ."

मोबाईल कशावर तरी टेकवल्याचा आवाज झाला. रेश्मानं इकडचा मोबाईल हलकेच खाटेवर ठेवला. सगळे त्याच्याभोवती बसले, कोणी जमिनीवर, कोणी खाटेच्या कडेला. गनीभाई दाराशी येऊन काही विचारणार, तोच गोरक्षनाथनं ओठांवर बोट ठेवलं, आणि तेही चपला काढून उंबऱ्यावर टेकले.

घोरणं वाढत चाललं होतं.

"ह्यांच्यावर गेलाय," गोजरबाई हळूच म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडू लागल्या.